फोईनं ठेवलेलं नाव

लेस्टरला केतन पटेलच्या मुलीचं बारसं होतं. गुजराती रीतीनं नाव ठेवायचा मान फोईचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. हंसाफोईसमोर दोन नावं होती: मृदुला आणि एमिली. बाळाच्या इंग्रज आईला, लॉराला, मृदुलाच हवं होतं. महिनाभर ती ते घोकत होती.

फोईनं दुपटं सारून पोरीला निरखलं. "अगंबाई, ही तर आमच्याहून काळी! एमिलीच ठेवा. रंग आमचा उचललाय मेलीनं, निदान नोकरीच्या अर्जावर तरी गोरी दिसेल."

बायका खो-खो हसल्या. लॉरा संतापून नवऱ्याकडे वळली. "केतन, बोल ना काहीतरी!"

"एमिली बरं आहे," केतन म्हणाला.

ऑफिसात गेली दहा वर्षं तो केविन होता.