मोजलेले सात महिने

“इतवाऱ्यात चाल,” असं म्हणत गोदाबाई टांग्यात चढली, तेव्हा भिकनने मागे वळून पाहिलं, कारण दसरा नव्हता. संक्रांत होऊन गेली होती, बहादरपूरच्या केळीबागांवर अजून धुकं होतं, आणि गोदाबाई बुऱ्हाणपुरात यायची ती वर्षातून एकदा, दसऱ्यालाच. आज कोणाला सोनं वाटायला चाललीस, असं भिकनने गमतीत विचारलं. एरवी गोदाबाईने त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती गप्प बसली, तेव्हा मामला गंभीर आहे हे त्याने ओळखलं आणि घोडा हाकला. पुढचा रस्त्यावरचा सगळा प्रकार आम्हाला त्यानेच सांगितला. भिकनच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि यावेळी राहिली नाही म्हणून मी त्याचा आभारी आहे.

गोदाबाई म्हणजे बहादरपूरची सुईण. तिथली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातची. आमच्या इतवाऱ्यात तिचं काम नव्हतं, तरी दर दसऱ्याला संध्याकाळी ती आमच्या गल्लीत हजर व्हायची आणि थेट मालूबाईच्या घरी जायची. मालूबाईचा मुलगा अनंत. त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवायची, तोंडात गुळाचा खडा घालायची, मग त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहायची. चहा घेतला की परत. मालूबाईचं माहेर बहादरपूरचं, म्हणून गोदाबाई मायेने येते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. अनंत मोठा झाला, शाळेत मास्तर झाला, तरी खाली वाकून तिच्या हाताखाली डोकं द्यायचा.

तर हा अनंत त्या वर्षी विधानसभेला उभा होता. राज्य नवं कोरं होतं. कालपर्यंत नागपूरकडे तोंड करून बसलेले आम्ही आता भोपाळकडे वळलो होतो, आणि भोपाळात आपलं म्हणणं कोण मांडणार, याची गल्लोगल्ली चर्चा होती. विणकरांचे अर्ज लिहून दे, कोणाच्या म्हातारीला दवाखान्यात ने, अशी कामं अनंत वर्षानुवर्षं करत आला होता. कुठला पक्ष पाठीशी नव्हता. गल्लीनेच त्याला घोड्यावर बसवला म्हणा ना. मास्तरकी सोडून त्याने अर्ज भरला.

आदल्या दिवशी अर्जांची छाननी झाली. दुसऱ्या एका उमेदवाराच्या वकिलाने उठून हरकत घेतली, की अनंतला पंचवीस पूर्ण नाहीत. शाळेच्या दाखल्यात जन्म रथसप्तमीचा होता, आणि रथसप्तमीला अजून पंधरवडा होता. अनंत म्हणाला, मतदानाच्या दिवशी तर पूर्ण होतात. वकील हसला. कायद्याला वय छाननीच्या दिवशी लागतं, मतदानाच्या नाही, आणि ही गोष्ट आम्हा शहाण्यांपैकी एकालाही माहीत नव्हती. अधिकारी ग्वाल्हेरकडचे होते, नुकतेच बदलून आलेले, सज्जन. त्यांनी एक दिवस दिला. उद्या अकरापर्यंत दुसरा काही पुरावा असेल तर आणा, नाहीतर अर्ज बाद.

ही बातमी रात्रीच बहादरपूरला पोचली होती. म्हणून गोदाबाई सकाळी टांग्यात होती.

वेशीच्या अलीकडे भिकनला समोरून मालूबाई येताना दिसली. एकटी, पायी, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. नवरा गेल्यापासून ही बाई गल्लीबाहेर फारशी पडलेली कोणी पाहिली नव्हती. भिकनने टांगा थांबवला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ही तिच्याकडे निघाली होती आणि ती हिच्याकडे.

दोघी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. भिकन घोड्याचा पट्टा तपासायला लागला. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

“मी तुले आणेतून सोडवाले निघाली व्हती,” मालूबाई म्हणाली.

“अन् मी तुले विचाराले,” गोदाबाई म्हणाली. “तापीमायच्या पान्यात हात घालून बोलली व्हती व मी. तुह्या तोंडून आल्याबिगर मी कशी बोलू?”

आण कसली, ते आता सांगायला हवं. मालूबाईचा नवरा वामन जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेला होता आणि गुढीपाडव्याला सुटून घरी आला. लग्नाला वर्ष झालं होतं. मालूबाईला दिवस गेले, पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी बहादरपूरला आली, आणि दसऱ्याच्या पहाटे, सातवा महिना जेमतेम भरत असताना, पोर झालं. ओंजळीत मावेल एवढं. रडलंसुद्धा नाही. गोदाबाईने शेतातून आलेला नवा कापूस पिंजून घेतला, पोराला त्यात गुंडाळलं, दोन बाजूंना कोमट राखेच्या पुरचुंड्या ठेवल्या आणि वातीने दूध पाजलं. कितीतरी दिवस ती त्या खोलीतून हललीच नाही. पोर जगलं.

आणि ते जगणार असं दिसल्यावर दुसरी भीती उभी राहिली. पाडव्याला नवरा तुरुंगातून सुटतो आणि दसऱ्याला बायको बाळंत होते. लोक बोटं मोजणार. सातमासी म्हटलं तर कोण ऐकणार? सासरची भाऊबंदकी जिभेने तिखट होती. मालूबाईचं वय अठरा. ती पोराकडे बघायची आणि रडायची. तेव्हा गोदाबाईने दाराला कडुलिंबाची डहाळी टांगली. घरात देवी आल्यात म्हटल्यावर कोणी उंबरा ओलांडेना. पुढे, बाई अशक्त आहे, पोटातल्या जिवाला जपायचंय, भेटायला येऊ नका, असं तिनेच सगळीकडे सांगितलं. सुईणीच्या शब्दापुढे कोण बोलणार? फक्त वामनला ती पहिल्या आठवड्यात हाताला धरून आत घेऊन गेली होती. तो कापसाकडे बराच वेळ बघत बसला, एका बोटाने त्याने पोराचा तळवा चाचपला आणि गोदाबाईच्या पाया पडला.

जन्म कधीचा जाहीर करायचा, हेही गोदाबाईनेच ठरवलं. त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून नऊ महिने नऊ दिवस धरले तर मार्गशीर्ष येत होता, पण ते फार काटेकोर दिसलं असतं. पौष अशुभ. म्हणून माघ, आणि माघात चांगला दिवस रथसप्तमीचा. खरा दिवस कोणाला सांगणार नाही, अशी आण तिने तेव्हाच घेतली. शहाणपण जरा जास्तच झालं. पौषाला नाक मुरडलं नसतं, तर खोट्या तारखेनेही अनंतचे पंचवीस भरले असते.

“माह्यामुळं पोराची उमेदवारी चालली,” गोदाबाई म्हणाली.

“तुह्यामुळं पोर हाय,” मालूबाई म्हणाली. “चाल, टांग्यात बस.”

तहसील कचेरीत आम्ही गल्लीतले दहा-बारा जण आधीच जमलो होतो. अनंतला काहीच माहीत नव्हतं. आई आणि गोदाबाई एकमेकींचा हात धरून आत येताना पाहून तो उठून उभा राहिला. गोदाबाईने अधिकाऱ्यांना नमस्कार केला आणि जे होतं ते सांगितलं. दसरा, सातवा महिना, कापूस, कडुलिंबाची डहाळी. साहेबांना तिची बोली कळेना, म्हणून कारकून हिंदीत सांगत होता. राख म्हणजे कुठली राख, असंही साहेबांनी विचारलं. ते खरंच मन लावून ऐकत होते.

वकील उठला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं काम वाईट होतं. त्याने गोदाबाईला बाजूला ठेवलं आणि मालूबाईला विचारलं, तुमचे यजमान तुरुंगातून कधी सुटले? गुढीपाडव्याला, ती म्हणाली. आणि मूल दसऱ्याला? हो. वकिलाने टेबलावर बोटं टेकवली आणि एकेक उचलत गेला. मागे कोणीतरी हसलं. मला पुरे, माझा अर्ज बाद करा, असं काहीतरी अनंत पुटपुटला आणि आईला बाहेर न्यायला पुढे झाला. तिने त्याचा हात बाजूला केला.

“मोजा वकीलसाहेब,” मालूबाई म्हणाली. “मी पंचवीस वर्सं मोजली. सातच व्हतात. पन ज्यानं मोजाचं व्हतं, त्यानं एकदाबी नाई मोजलं.”

वकिलाची बोटं टेबलावर तशीच राहिली, मग त्याने हात खाली घेतला आणि तो बसला. खरं सांगतो, मी वामनकाकांना लहानपणी पाहिलं होतं. शांत माणूस, मुलाला खांद्यावर घेऊन तापीवर जायचा. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी मला ते पहिल्यांदा कळले.

साहेबांनी चष्मा काढला. मग मालूबाईला म्हणाले, “माताजी, मैं आपकी बात मानता हूँ। लेकिन कानून काग़ज़ माँगता है।” आणि त्यांनी अर्ज नामंजूर केला. सही करून झाल्यावर ते उठून उभे राहिले आणि दोघी बाहेर पडेपर्यंत उभेच राहिले.

आता गल्ली काय म्हणेल, ही धास्ती मालूबाईला होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर आली नाही. तेव्हा शेजारची रंभाबाई तिची घागर भरून तिच्या ओट्यावर ठेवून आली आणि जाताजाता म्हणाली, माझा मधलाही सातमासीच होता बरं. मग तर साथच पसरली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात एकेक सातमासी निघाला. आमच्या गल्लीत इतकी कच्ची पोरं जन्मली असतील याची मला कल्पना नव्हती. निम्मी तरी खोटी असणार. माझ्या आईने मलाच सातमासी करून टाकलं, आणि मी तर उलट पंधरा दिवस उशिरा आलेलो. आयुष्यात आईच्या खोटेपणाचा इतका अभिमान मला कधी वाटला नाही. तिसऱ्या दिवशी मालूबाई स्वतः घागर घेऊन नळावर आली.

निवडणूक झाली, कोणीतरी निवडून आलं, भोपाळला गेलं. अनंत परत शाळेत रुजू झाला. कधी वाईट वाटतं का, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, मला बाप परत मिळाला, आणखी काय पाहिजे?

त्या साली दसऱ्याला गोदाबाई आली नाही. पावसाळ्यात तिची नजर गेली होती. म्हणून अनंत आणि मालूबाई बहादरपूरला निघाले, आणि भिकनच्या टांग्यात जागा होती म्हणून मीही गेलो. शेतात कापूस फुटायला लागला होता. अनंतने वाटेत एक बोंड तोडून घेतलं.

गोदाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. अनंतने तिच्या हातात आधी सोनं दिलं, मग बोंड. तिने ते बोटांनी चाचपलं, त्यातला कापूस सोडवला आणि तिथेच मांडीवर वळून त्याची वात केली. दिसत नसताना इतकी सरळ वात कशी वळली कोण जाणे. मालूबाईने निरांजन लावलं. नवरा गेल्यापासून तिने औक्षणाचं ताट हातात धरलं नव्हतं. ती घुटमळली तशी गोदाबाई म्हणाली, ओवाळ व, आज वाढदिवस हाय त्याचा. मग मालूबाईने ओवाळलं. दसऱ्याच्या दिवशी, उघड्या दारात, पहिल्यांदा.

गुळाचा खडा गोदाबाईने स्वतः घातला. आधी गाल सापडला, मग तोंड. नेहमीप्रमाणे अनंतने डोकं खाली वाकवलं. तिने तळहात ठेवला, नेहमीच्या जागी, बरोबर टाळूवर. मी इतकी वर्षं तो आशीर्वाद समजत होतो. ती बोटांनी हळूहळू दाबून पाहत होती, जशी सुईण कच्च्या पोराची टाळू पाहते, तशी.

बराच वेळ पाहून तिने हात काढून घेतला.

“भरली व मालू,” ती म्हणाली. “आता कापसातून काढाले हरकत नाई.”