पाणी लागते

जबाबदार उद्योगाचं प्रशिक्षण म्हणजे काय, तर थंडगार हॉलमध्ये बसून उन्हातल्या माणसांचं ऐकायला शिकायचं. नागपुरातल्या एका हॉटेलात ते दर शनिवारी चाले. उमरेड रोडवरच्या सूत रंगवायच्या कारखान्याने मेघाला तिथे पाठवलं होतं. ती उमरेडच्या विणकरांच्या घरची. घरचे माग बंद पडले, तशी ती या कारखान्यात लागली, पण वर्ष झालं तरी कच्चीच होती. प्रमाणपत्र हातात पडलं की नोकरी कायम, असं मॅनेजर गौरांगसाहेबांनी कबूल केलं होतं.

शिकवणारे ऋषी सर दिल्लीचे. मराठी त्यांनी शिकून घेतली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. त्यांचा एक नियम होता: लोकांचं वाक्य जसंच्या तसं लिहा, आपल्या पदरचा मीठमसाला लावू नका.

गृहपाठ म्हणून मेघा कारखान्यामागच्या टोलीत गेली. वीस-बावीस घरांची वस्ती. पंचायतीचा टँकर एक दिवसाआड यायचा, मधल्या दिवशी हातपंप. हातपंप आणि कारखान्याचं रंगीत सांडपाण्याचं टाकं यांच्यामध्ये एक बांध काय तो आडवा. शोभाताई दारातच बसली होती. मांडीवर नऊ वर्षांची गोपिका, पोट धरून.

"आमाले पाणी लागते, मॅडम," शोभाताई म्हणाली. "पोराइले त जास्तच लागते."

पाणी लागणं म्हणजे पाणी बाधणं, त्याने माणूस आजारी पडणं. हे मेघाला कुणी सांगायला नको होतं, तिच्या घरी हाच शब्द होता.

"कधीपासून लागून राहिलं, ताई?"

"तुमचं ते टाकं झालं, तवापासून."

फॉर्मवर 'लोकांचे म्हणणे' हा रकाना दोन ओळींचा. शोभाताईची पहिली दोन वाक्यं त्यात बसली. टाक्याचं वाक्य बसलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते बसवायची मेघाची हिंमतही नव्हती.

पुढच्या शनिवारी सरांनी तिचा कागद सगळ्यांसमोर वाचला. "पाणी लागते! लहान मुलांना जास्त लागते! किती साधी, मूलभूत गरज!" असं म्हणून त्यांनी फळ्यावर 'गरज' या शब्दाखाली मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहिलं. टाळ्या पडल्या. त्या दिवशी ऐकायला आलेल्या गौरांगसाहेबांनी टोलीला पाणी द्यायचं तिथेच कबूल केलं.

मेघाच्या मनात आलं, हात वर करायचा आणि एवढंच म्हणायचं, सर, त्यांना पाणी नकोय, त्यांना ते पाणी बाधतंय. पण शेजारच्याच खुर्चीत गौरांगसाहेब. पुढचा प्रश्न 'कशामुळे' हाच येणार, हे तिला दिसत होतं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? पाणी देण्याआधी हे लोक ते तपासतील तरी, असं तिने मनाला समजावलं. मन काय, समजावलं की समजतं.

महिन्याभरात टोलीत बोअर झाली. हातपंपापासून वीस पावलांवर. वर निळी टाकी, टाकीवर कारखान्याचं नाव. तपासणी झाली होती, नाही कशाला म्हणा! तासाला किती लिटर पाणी निघतं, ते तपासलं होतं. भरपूर निघत होतं. टोलीला आता घरचं पाणी आहे म्हणून पंचायतीने टँकर बंद केला. पूर्वी एक दिवसाआड तरी धड पाणी मिळायचं. आता टोली रोज तेच पिऊ लागली.

मेघाला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर छापलं होतं, 'उत्तम श्रोता'. त्याच आठवड्यात ती कायम झाली, घरी पेढे वाटले गेले.

गोपिकाला दवाखान्यात भरती केल्याचं कळलं, तेव्हा तिला घरी बसवेना. वॉर्डाबाहेरच्या फरशीवर शोभाताई बसलेली दिसली. पोरीची किडनी खराब झाली असं डॉक्टर म्हणत होते. मेघा तिच्याजवळ खाली बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. सरांना शब्द कळला नाही, त्यांनी लागते म्हणजे पाहिजे असं धरलं, त्यातून ही बोअर झाली.

शोभाताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याइले नाही समजलं. तुले त समजलं होतं ना वं?"

"हो."

"मंग काहून नाही बोलली तू?"

खोटं सुचलं असतं तर मेघा खोटं बोलली असती. सुचलं नाही. "माही नोकरी पक्की व्हायची होती, ताई."

"झाली?"

"झाली."

"बरं झालं, माय," शोभाताई म्हणाली. "तुहं त झालं." बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मेघाने तो सोसला असता. आतून नर्सने हाक मारली, तशी शोभाताई भिंतीला धरून उठली आणि आत गेली.