काळूरामचे शाफ्ट

कल्याणच्या खाडीकाठी एका पारशी शेटजींचा पंप बनवण्याचा कारखाना होता. आता तिथे लाकडाची वखार आहे. त्या बाजूला गेलो की मला अजून तापल्या तेलाचा वास आल्यासारखा वाटतो आणि काळूराम आठवतो.

काळूराम ठाकुर्लीचा आगरी. बाप मिठागरात राबला. हा तरुणपणीच कारखान्यात शिरला आणि लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभा राहिला. मी ठाण्याचा, हरिहर कर्णिक. त्याने कातलेला माल तपासणं हे माझं काम. पंपाचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, उभा धरायचा, त्याला तेलाचं बोट लावायचं आणि वरून नेमक्या मापाचं पोलादी कडं सोडायचं. कडं आपल्याच वजनाने, संथपणे खालपर्यंत उतरलं पाहिजे. अडकलं तर शाफ्ट जाड, तो पुन्हा लेथवर चढवता येई. खडखडलं तर बारीक, म्हणजे भंगार.

सुरुवातीला काळूराम माझ्यावर चिडायचा. "पंत, केसाएवरा फरक तुमाला दिसतो तरी कसा?"

"मला नाही दिसत. कडं सांगतं."

पुढे त्यालाच त्याचा नाद लागला. शाफ्ट आणून दिला की तो परत जायचा नाही. कडं उतरताना माझ्या शेजारी उभा राहायचा. ते खाली टेकलं की नुसता "हं" म्हणायचा. तसं सुख मला नंतरच्या कुठल्याच नोकरीत मिळालं नाही. दुपारी चिंचेखाली आम्ही जेवायला बसायचो, त्या काळच्या रीतीने अंतर राखून, पण गप्पा चालूच. सखुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, भाजके बोंबील दिले असले की वासाने माझं लक्ष उडायचं आणि तो मजेत हसायचा.

एका हिवाळ्यात त्याच्या शाफ्टवर कडं अर्ध्यापर्यंत नीट उतरलं आणि तिथून खडखडत खाली गेलं. मी शाफ्ट पुसून पुन्हा पाहिलं. तेच.

"काळूराम, खालच्या अंगाला बारीक झालाय."

"नाय होनार," तो म्हणाला. त्याने स्वतः कडं सोडलं, ऐकलं आणि मान खाली घातली.

मुकादम सहदेव घाईला आला होता. "पंत, एवढ्याने काय बिघडतं? गिरणीवाले खोळंबलेत. द्या सोडून."

काळूराम माझ्याकडे बघत नव्हता. मी शाफ्टवर खडूची फुली मारली आणि तो बाजूला ठेवला.

संध्याकाळी तो फाटकापाशी थांबला होता. "पंत, दिवाळीपासून मना धूसर दिसतंय. डाव्या डोल्यानं तर कायच नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"लेथ गेला असता ना." मग तो म्हणाला, "पन आज तुमी सोडला असता तर मना लय वाईट वाटलं असतं. मागले पन असेच सोडले काय, असं वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी शेटजींकडे गेलो. लेथची हत्यारं जो तो आपली आपण पाजळायचा, आणि काळूरामने लावलेली धार सगळ्यांत जास्त टिकायची. ते काम त्याला एकट्याला द्या, असं मी म्हटलं. शेटजी कुरकुरले, पण कबूल झाले. सगळी नजर जाईपर्यंत, म्हणजे बरीच वर्षं, तो अंगठ्याने आणि कानाने धार लावत राहिला.

शेटजी वारले आणि कारखाना मोडला. त्यानंतर मी एकदा ठाकुर्लीला गेलो. तो ओटीवर जाळं विणत बसला होता. माझ्या आवाजावरून त्याने मला ओळखलं. सखुबाईने पाट मांडला. घरच्यांची, गावची विचारपूस झाली, तरी त्याच्या मनात दुसरंच काही घोळत होतं.

"पंत, माजा लेथ कुठं गेला?"

"मुंबईत एकाने विकत घेतलाय. मी बघून आलो."

"चालू हाय?"

"चालू आहे."

"मंग बरं," तो म्हणाला, आणि कोण चालवतो, कुठल्या गावचा, ते विचारत राहिला.