शाबूत काच

मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं या शहरात आता दोन-चारच उरली आहेत. बाकी सगळ्यांना मी काचबाई. इमारत तपासणी विभागात एकतीस वर्षं भिंतींच्या भेगांवर काचा चिकटवत हिंडले, त्याचं हे बक्षीस. त्या नावाचा मला राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टींचा आहे आणि तो भरपूर आहे.

काम साधं आहे. भेग जुनी, निपचित पडलेली आहे की अजून वाढतेय, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची पातळ काचेची पट्टी लावायची. दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यात पक्की बसवायची, काचेवर रंगाने तारीख घालायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. काच तडकली की माणसं बाहेर काढायची. दर महिन्याला जाऊन बघायचं, एवढंच.

मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही अकरा तपासनीस होतो. आता तिघं आहोत आणि त्यातल्या एकाचे गुडघे गेलेत, तो जिने चढत नाही. जिने न चढणारा इमारत तपासनीस! दर महिन्याची फेरी वर्षावर गेली. अंदाजपत्रकात दहातले चार रुपये पोलिसांकडे जातात. गेल्या वर्षी त्यांना नव्या गाड्या आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे लागले. आम्ही एक शिडी मागितली तर साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. चोर कोणालाच नको असतो, मलाही नको. पण एकतीस वर्षांत चोरांनी मारलेली माणसं मी बोटांवर मोजू शकते. जिन्यांनी आणि सज्जांनी मारलेली मोजायला बोटं पुरत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी शिस्त मोहीम निघाली. पोलीस खात्याने लाल अक्षरांतल्या पाट्या छापून पाठवल्या: "सरकारी मालमत्ता. हात लावल्यास किंवा मोडल्यास दंड व पोलीस कारवाई." आमच्या प्रत्येक काचेखाली एकेक चिकटवायचा हुकूम आला. मी सहाशे पाट्या चिकटवल्या. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. निदान उगाच कोणी काचेला खडे मारणार नाही, म्हटलं.

फ्रेमवाल्याच्या इमारतीत काच होती पहिल्या मजल्याच्या जिन्यात. तळाला त्याचं तसबिरींना चौकटी करायचं दुकान, वर तो आणि त्याची बायको, त्याच्याही वर आणखी दोन बिऱ्हाडं. भला माणूस. मी गेले की हातातलं काम टाकून स्टूल आणून द्यायचा. चार महिन्यांपूर्वी मी त्याच स्टुलावर चढले, बॅटरी मारली, काच अखंड दिसली. वहीत लिहिलं, "काच शाबूत. भेग स्थिर." सही केली आणि पुढच्या इमारतीकडे पळाले. त्या दिवशी मला अडतीस इमारती करायच्या होत्या.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, तो जिना भिंतीसकट खाली आला. फ्रेमवाल्याची बायको त्याचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात उतरत होती. बाकीची माणसं कामावर होती म्हणून वाचली. ती तेवढी गेली.

दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात मला भिंतीचा तो तुकडा सापडला. भेगेच्या एका बाजूचं सिमेंट उखडलं होतं, पण पट्टी जशीच्या तशी. वर माझी तीन वर्षांपूर्वीची तारीख. भिंत पडते आणि काच अखंड राहते, असं होत नाही. मी ती काढून हातात घेतली. माझ्या पट्ट्या मी खिडक्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून कापते, त्यांनी बोट कापलं नाही असा एक दिवस जात नाही. हिने कापलं नाही. हिच्या चारी कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या होत्या. चौकटीत झाकल्या जाणाऱ्या, कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या काचेच्या कडासुद्धा घासणारा या शहरात एकच माणूस मला ठाऊक होता.

अंदाजपत्रकावर नागरिकांची सुनावणी जवळ आली होती. फ्रेमवाल्याने बोलायला नाव दिलं होतं आणि मला खुलासा करायला बोलावलं होतं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त अहवाल वाचा. काच शाबूत, भेग स्थिर. नियमाने सगळं झालंय. फाटे फोडू नका."

घरी मोठ्या बहिणीला पट्टी दाखवली. आम्ही दोघी एकत्रच राहतो. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणाली. "निवृत्तीला सात महिने राहिलेत तुझे. आणि त्या बिचाऱ्याला काय सांगणार आहेस? तुझ्याच हाताने बायको गेली म्हणून?"

"अजून सहाशे काचा आहेत, ताई. आणखी कोणी बदलल्या असतील तर?"

मी रात्रभर तेच घोळवत होते. काच कशासाठी असते हे भर सभेत सांगितल्याशिवाय शहराला कळणार नव्हतं, आणि सांगितलं की त्या माणसाला कळणार होतं. एकाला वाचवून दुसऱ्याला सांगण्याची सोय त्यात नव्हती. शेवटी ठरवलं, त्याला जे कळायचं ते चारचौघांत नको, आधी माझ्या तोंडून कळू दे.

सभागृहाच्या दाराशी हवालदार पर्सा तपासत होता. कडक इस्त्री, कोरा गणवेश. त्याने माझ्या पर्समधून पट्टी बाहेर काढली.

"काच आत नेता येणार नाही, बाई."

"कापत नाही ती. बघा."

त्याने कडेवरून अंगठा फिरवला. मग तारखेकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. त्याने ती माझ्या हातात परत दिली.

फ्रेमवाला व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. मला पाहून उठला आणि सवयीने इकडेतिकडे बघितलं, जणू मला स्टूलच द्यायचं होतं.

"बाई, तुमच्यावर माझा राग नाही," तो म्हणाला. "तुमची काच आम्ही जिवापाड जपली होती. मधे कोणीतरी मोडली, तर मी लगेच नवी बसवली. तुमच्यापेक्षा चांगली. तारीखसुद्धा हुबेहूब घातली. म्हटलं, दंड आपल्याला नको आणि बाईंना हेलपाटा नको. वरच्या बिऱ्हाडाशी भांडलो त्यावरून, त्यांच्याकडचंच कोणीतरी मोडतंय म्हणून."

मी त्याला बाकावर बसवलं. त्याच्या शेजारी बसले.

"दादा, ती कोणी मोडली नव्हती. ती मोडण्यासाठीच लावलेली असते. भिंत सरकली की ती तडकते. तडकलेली दिसली असती तर मी त्याच दिवशी तुम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं असतं."

त्याने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"मग हे सांगितलं का नाही आम्हाला?"

तीन वर्षांत मी दोनदा आले, दोन्ही वेळा चार-पाच मिनिटं. लोक घाबरतात, सांगू नका, असा विभागाचा नियम होता. हात लावू नका एवढंच काय ते लाल अक्षरात लिहिलं होतं आणि तेही मीच चिकटवलं होतं. हे सगळं खरं होतं आणि त्याच्या प्रश्नापुढे त्यातलं काही टिकत नव्हतं.

"चुकलं," मी म्हटलं. "सांगायला हवं होतं. आत मी हे सांगणार आहे. तुमचं नाव घेणार नाही."

तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. आतून पुकारा झाला तरी वळला नाही. मी त्याला तसाच सोडून आत गेले, आणि याची मला आजही लाज वाटते.

सभागृह भरलं होतं. पडद्यावर पोलिसांच्या नव्या गाड्यांचे फोटो एकामागून एक येत होते. सभापतींनी तपासणी विभागाचं कलम चर्चेला घेतलं, साहेबांनी उठून अहवाल वाचला. काच शाबूत, भेग स्थिर, नियमानुसार. मग मला उभं केलं. प्रत्येकाला तीन मिनिटं.

मी पट्टी वर धरली. काच कशासाठी असते ते सांगितलं. ही माझी काच नाही, माझी तडकली होती आणि पाटीच्या धाकाने कोणीतरी ती बदलली, हे सांगितलं. मी हात लावून पाहिलं असतं तर कडेवरून ओळखलं असतं, पण पाहिलं नाही, हेही सांगितलं.

"म्हणजे चूक तुमची," सभापती म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा सूर होता.

"माझी आहेच. अकराजण होतो तेव्हा काच मोडल्यावर महिन्याच्या आत कोणीतरी बघायचं. तुम्ही आठ माणसं काढलीत आणि त्या जागी सहाशे पाट्या लावल्यात. लोक काचेला घाबरायला हवे होते, ते दंडाला घाबरले."

"काच बदलली कोणी? नाव सांगा. सरकारी मालमत्तेत फेरफार आहे हा."

"नाव सांगणार नाही."

"बाई, तुम्ही सरकारी नोकर आहात."

"मी बदलली," मागून आवाज आला.

फ्रेमवाला मधल्या वाटेने चालत पुढे आला. मी बाजूला झाले. त्याला माईकची सवय नव्हती, तो त्यापासून हातभर लांबच उभा राहिला. पण सभागृहात एवढी शांतता होती की माईकची गरज पडली नाही.

"काच दोनदा मोडली," तो म्हणाला. "मघाशी बाईंना मी एकदाच मोडली असं सांगितलं. पहिल्यांदा बाई येऊन गेल्या त्याच्या आधी, आणि पुन्हा जिना पडला त्याच्या अठरा दिवस आधी. दुसऱ्या वेळी तुकडे आमच्या हिने झाडून काढले. म्हणाली, अहो, आता पोलीस येतील, लवकर बसवा. मी दुकान बंद करून बसवली. फार सुंदर बसली होती." तो थांबला. "मला विचारायचं होतं, शहराचा पैसा कुठे जातो म्हणून. लिहून आणलं होतं. आता एवढंच विचारतो. तिला पोलिसांची भीती वाटली, भिंतीची नाही वाटली. ही भीती आम्हाला केवढ्याला पडली?"

सभापतींनी घड्याळाकडे पाहिलं, पण वेळ संपली असं म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. तिसऱ्या रांगेतून एक बाई उभी राहिली. आमच्याकडची आम्ही चिकटपट्टीने जोडलीय, म्हणाली. मग मागच्या कोपऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ उठले. मी माईकचा दांडा धरला.

तेवढ्यात दारातला हवालदार जागा सोडून सरळ माझ्यापाशी आला. इस्त्री तशीच होती, चेहरा मात्र पांढराफटक.

"बाई, आमच्या जिन्यातली. खाली आमच्याच खात्याची पाटी होती. माझ्याच घरापाशी मोडलेली दिसली तर काय म्हणतील, म्हणून मीच बदलली."

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा. परवा."

"घरी आत्ता कोण आहे?"

"आई. आणि माझ्या दोन्ही मुली."

"फोन लावा."

त्याच्या बोटांना नंबर सापडेना. फ्रेमवाल्याने फोन त्याच्या हातातून घेऊन धरला, तेव्हा कुठे लागला. पलीकडून त्याची आई विचारत होती, अरे, पण उतरू कुठून, जिना तर एकच आहे. मी फोन घेतला. म्हटलं, आजी, भेगेच्या समोरच्या भिंतीला हात लावून, एकेक करून, पळायचं नाही. आधी धाकटीला सोडा. पडद्यावर एक नवी कोरी गाडी तशीच थांबून होती.

"उतरलो," शेवटी आजी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "तिघी उतरलो. आता काय करू?"

"रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहा. मी येते."

हवालदार तिथेच पायरीवर खाली बसला. मी पट्टी पर्समध्ये टाकली. सहाशे काचा, तिघं तपासनीस, त्यातला एक जिने न चढणारा. कुठली खरी आणि कुठली मागून बसवलेली, हे प्रत्येक काचेला हात लावून बघायचं तर वर्ष जाईल, असं मी मोठ्यानेच म्हणाले असणार. कारण फ्रेमवाला म्हणाला, "हात लावायला नको, बाई. आयुष्य काचा कापण्यात गेलंय माझं, मागून बसवलेली काच मला खालूनच ओळखू येते. चला, मी येतो."