मिस्त्रींचा उजवा डोळा

“डोळ्यात काय गेलं होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही हो, भुसा. आमचं रोजचंच आहे,” हे म्हणाले.

“भुसा नव्हता,” मी म्हटलं. “लाकडाची कणी होती, चांगली टोकदार. आणि ती यांनी स्वतःच काढली. आरशात बघून, फडक्याच्या टोकाने!”

“अगं, तू जरा गप्प बसशील का?”

“मुळीच नाही. इतके दिवस तुमचं ऐकलं तेवढं पुरे झालं.”

आमचा माणूस सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. कारखान्यात कुणाच्या डोळ्यात कचरा गेला की तो डोळा धरून यांच्याकडेच पळत येणार. हे त्याला उजेडात उभं करायचे, काडीवर पापणी उलटी करायचे, फडक्याच्या टोकाला पीळ द्यायचे, आणि “आई गं” म्हणायच्या आत कचरा बाहेर. हात असा स्थिर की बघत राहावं. पण म्हणून काय, स्वतःच्या डोळ्यातही तेच करायचं? तर हो, तेच केलं. दुसऱ्या कुणाकडे जावं हे यांच्या मनातही आलं नाही.

यंत्रावर हनुवटी टेकवून हे बसले होते. डॉक्टरीणबाई पलीकडून बघत होत्या आणि बघताबघता विचारत होत्या.

“लाकूड कसलं होतं?”

“जुनी चौकट होती. ओल लागून काळी पडलेली.”

“मग डोळ्यात काय घातलंत?”

मीच पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. यांच्या शेजारी काम करणाऱ्या पॉलिशवाल्याने ती दिली होती. त्याच्या वडिलांचा मोतीबिंदू काढला तेव्हाची, अर्धी उरलेली.

“दोन दिवसांत लाली उतरली होती,” हे म्हणाले. “मला वाटलं, झालं काम.”

बाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती हळूच खाली ठेवली. “लाली उतरली, कारण या औषधाने डोळ्याची भांडायची ताकदच काढून घेतली. तुमच्या त्या काळ्या लाकडातून बुरशी आत गेली होती, मिस्त्री. तिला मोकळं रान मिळालं. साखर आहे का?”

“चहात?”

“रक्तात,” मी म्हटलं. “आहे. आणि गोळ्या मी डोक्यावर उभी राहिले तरच पोटात जातात.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“खोटी आशा लावणार नाही. लगेच आला असतात तर गोष्ट वेगळी होती. साधे जंतू असते, ते थेंब पडले नसते, साखर ताब्यात असती, तर माझं काम सोपं होतं. एकेक गोष्ट उलटी पडत गेलीय. पण तुम्हाला अजून उजेड कळतोय आणि तो कुठून येतो तेही सांगता येतंय. ते कळतंय तोवर मी हा डोळा सोडणार नाही.”

“आणि कळेनासं झालं तर?” मी विचारलं.

“तर मग डोळा काढावा लागेल. थांबणं धोक्याचं. जंतू डोळ्याच्या मागे उतरू शकतात, पार मेंदूपर्यंत.”

बाहेर जिन्यावर पॉलिशवाला बसला होता. यांना बघून उठला आणि घळाघळा रडायलाच लागला. “मिस्त्री, मीच दिली ती बाटली. माझे हात का नाही झडले!”

“हात झडले तर पॉलिश कोण करणार, मी?” हे म्हणाले. “बाटली तू दिलीस, पण थेंब मी घातले. जा, ते कपाट अर्धं राहिलंय.”

यांनी त्याला पुढेही कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मी मात्र मनातल्या मनात त्या मेल्याला पुष्कळ लाखोली वाहिली, ते कबूल करते.

यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. तासातासाला थेंब घालायचे. थेंब पडला की यांच्या पायाची बोटं आवळायची, चादर मुठीत जायची, पण तोंडातून हूं की चूं नाही. उलट नर्सला विचारायचे, “बाई, तुमचं जेवण झालं का? सकाळपासून माझ्याच मागे आहात.” या माणसावर मी आयुष्यभर चिडत आले. घोरण्यावर चिडले, हट्टावर चिडले, घरभर होणाऱ्या भुशावर तर रोजच. पण त्या खाटेशेजारी बसून मला त्यांचा फार अभिमान वाटला. बोलून दाखवला नाही, नाहीतर डोक्यावर बसले असते.

एकदाच ते हळवे झाले. “उजवाच का गं?” म्हणाले. “डावा असता तर चाललं असतं. तसाही तो दिवसभर मिटूनच असतो.”

ते खरं होतं. फळी उचलायची, तिचं टोक उजव्या गालाशी धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने तिच्या अंगावरून पार दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं. केसाएवढा बाकसुद्धा सुटायचा नाही. लग्नाआधी मी यांना पहिल्यांदा बघितलं ते असंच, एक डोळा मिटलेलं. मला वाटलं, हा मला डोळा मारतोय! घरी जाऊन तक्रारही केली होती.

बाई रोज सकाळी लाकडी स्टुलावर बसून उजेड दाखवायच्या. मी तळव्याने यांचा डावा डोळा घट्ट झाकायचा, बाईंनी बॅटरी इकडून तिकडून धरायची आणि यांनी उजेड कुठून येतो ते सांगायचं. माझा जीव तेवढा वेळ टांगणीला लागलेला असायचा. एका सकाळी मात्र बाईंचा चेहरा आधीच उतरलेला होता. पू आत उतरलाय, म्हणाल्या.

“सांगा मिस्त्री. उजेड कुठून?”

“वरून.”

“आता?”

“डावीकडून.”

“आता?”

“उजवीकडून. एवढं काय विचारता बाई, लख्ख दिसतंय.”

सगळं बरोबर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात मला यांची मान दिसली. जरा कलती. लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करून ते आतून पोकळ आहे का ते ऐकताना यांची मान अशीच कलते.

बाई डावीकडे वाकल्या. स्टूल करकरलं. उजवीकडे वाकल्या. वेगळं करकरलं.

हा माणूस बघत नव्हता, ऐकत होता. क्षणभर वाटलं, राहू दे. राहू दे त्यांचा डोळा त्यांच्यापाशी. मी कोण तो हिरावून घेणारी? पण मग ते “मागे उतरू शकतात” आठवलं. मला डोळ्यापेक्षा माणूस हवा होता.

“बाई,” मी म्हटलं, “जरा उभ्या राहून बघता का?”

“का हो?”

“स्टूल कुरकुरतंय.”

माझ्या तळव्याखाली यांची पापणी थरथरली.

“मलाही शंका येत होती,” बाई हळूच म्हणाल्या. “आज उत्तरं फारच पटापट येताहेत.” त्या उठल्या. चपला काढून अनवाणी उभ्या राहिल्या. बॅटरी थेट यांच्या डोळ्यासमोर धरली. यांचा गाल, नाक, माझी बोटं, सगळं उजळून निघालं.

“मिस्त्री, उजेड कुठून येतोय?”

यांची मान जरा इकडे, जरा तिकडे झाली.

“लावलाय का?” यांनी विचारलं.

मी हात काढला तेव्हा तळवा ओला झाला होता. मला वाटलं, आता माझ्यावर उखडणार. पण हे माझ्याकडे बघून म्हणाले, “मागचा डावा पाय ढिला आहे त्याचा. तुलाही कळलं?”

“सुताराबरोबर संसार केलाय,” मी म्हटलं.

बाई समजावून सांगायला लागल्या. डोळा काढावा लागेल, जखम भरली की खोटा बसवता येईल, दिसायला अगदी खऱ्यासारखा. यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“काढा बाई. कुजलेला तुकडा वेळेत काढला नाही की शेजारचा जातो, एवढं आम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत.”

घरी सोडायच्या दिवशी पट्टी बांधलेला हा माणूस म्हणतो, ते स्टूल आणा. पॉलिशवाल्याला हातोडी आणि सरस घेऊन बोलावलं होतं, मला पत्ताही लागू न देता! व्हरांड्यात बसून यांनी ढिला पाय उपटला, पाचर तासली, सरस लावला. हातोडीचा पहिला घाव पाचरीवर न बसता फरशीवर बसला. पॉलिशवाला पुढे झाला तसे हे खेकसले, “लांब हो.” मग डाव्या हाताच्या बोटाने पाचरीचं डोकं चाचपलं आणि घाव घातला. तो बरोबर बसला.

“आता बसा बाई,” हे म्हणाले. “पुढच्याला फसवता येणार नाही.”

बाई बसल्या. डावीकडे वाकल्या, उजवीकडे वाकल्या. जराही आवाज नाही. मग त्या कुणीतरी हाक मारल्यासारख्या घाईने आत गेल्या.

खोटा डोळा बसल्यावर हे कारखान्यात जायला निघाले. मी डबा द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले. ते कपाट अजून तसंच उभं होतं. पॉलिशवाल्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याने दाराची फळी उचलून यांच्या हातात दिली.

यांनी फळी फिरवली. टोक उजव्या गालाशी धरलं. आणि डावा डोळा मिटला.

पॉलिशवाला काही बोलायला गेला. मी हात आडवा धरला. बाकीच्यांच्या करवती थांबल्या. हे तसेच उभे होते, खांदे ताठ, फळी समोर रोखलेली, समोर मिट्ट काळोख.

मग त्यांनी डावा डोळा उघडला. फळी सावकाश दुसऱ्या गालाशी नेली. खूप वेळ बघितलं, पूर्वी लागायचा त्याच्या कितीतरी पट वेळ.

“मधे बाक आहे रे,” ते म्हणाले. “रंधा दे.”

पॉलिशवाल्याने रंधा दिला.