पैलतीरावरचं वऱ्हाड

माझ्या आईच्या गाण्यातलं वऱ्हाड कृष्णेच्या पलीकडच्या काठावर सबंध एक पावसाळा अडकून पडलं होतं. आई जाऊन आता काही महिने झाले. तिच्याविषयी काही लिहावं म्हटलं की मला आधी ते वऱ्हाडच दिसतं. भिजलेलं, भुकेलं, आणि आमच्या गावातल्या बायकांच्या सल्ल्यांनी बेजार झालेलं.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पहिल्या बाळंतपणासाठी मी साताऱ्याहून माहेरी आले होते. आमचं गाव सांगलीच्या जवळ, नदीकाठी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षी लष्कराच्या मोडीतलं एक इंजिन विकत आणून घरासमोरच्या जुन्या गोठ्यात पिठाची गिरणी घातली होती. गावातली पहिलीच. ती चालवायला आकाराम होता. तो नुकताच फौजेतून सुटून आला होता आणि इंजिनाशी हिंदीत बोलायचा. इंजिनाला मराठी कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

गिरणीपुढं नारळ फुटला त्या दिवशी आप्पा आईला म्हणाले, "आता तुझं दळण सुटलं. लय फिरवलंस जातं. आता बस जरा निवांत."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जात्याची घरघर सुरू.

आईला दळणाची हौस नव्हती. तिला गाणं पुरं करायचं होतं. ओव्या सगळ्याच बायका म्हणत. भावाची एक, माहेराची एक, अशा सुट्या सुट्या. आईची मात्र एकच लांबलचक गोष्ट होती. मी परकरात होते तेव्हापासून ती ओवीला ओवी जोडत पुढं चालली होती. नदीकाठच्या गावची एक मुलगी, रतन. तिचं लग्न ठरतं माणदेशातल्या एका मुलाशी. वऱ्हाड येतं ते नेमकं पुराच्या दिवशी. नवरदेव माणातला, घागरभर पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या मुलखातला. एवढं पाणी त्यानं जन्मात पाहिलेलं नसतं. तो घोड्यावर बसून पाण्याकडं बघत राहतो, आणि शेवटी घोडा माघारी वळवतो. अलीकडच्या काठावर रतन हळद लावून उभी.

आता रतन त्याला काय म्हणाली?

तिथं गाणं अडलं होतं. एकच ओवी हवी होती, आणि ती येत नव्हती.

"रडली असेल," मी म्हटलं.

"नदी केवढी, रडणं केवढं," आई म्हणाली. "ऐकू जाणार हाय व्हय त्याला?"

मी तोवर पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या होत्या. मी सुचवलं, "मग तिला गप्पच राहू दे. अशा वेळी गप्प राहण्याचा फार परिणाम होतो."

"मग मी म्हणू काय? पुढची ओवी गप्प बसून म्हणू?"

"निदान आतापर्यंतचं लिहून तरी ठेवू. तू सांग, मी लिहिते."

"जात्याबिगर येत न्हाई गं. हात फिरला तर जीभ फिरती."

हात फिरायला लागला की मग घर जागं होई. नवरदेव घोडा वळवतोय तोच दूध उतू जाई. रतन तोंड उघडतेय तोच कुणीतरी विरजण मागायला दारात उभं. शिवाय मी होतेच. मला कधी चिंचेचं सार हवं असे, तर कधी पाठ चोळून. आई उठायची, सगळं करायची आणि परत जात्याशी येऊन बसायची. आल्यावर पहिली ओवी म्हणायची ती घोडा वळवल्याची. दर खेपेला वऱ्हाड तिथंच. पण ती कुणावर करवादली नाही. "त्येंला कुठं जायची घाई हाय," म्हणायची.

घाई होती आप्पांना. गिरणीला गिऱ्हाईक येईना. इंजिन दिवसभर तयारीत, आकाराम त्याला पुसतोय, आणि गावातल्या बायका दळणाच्या पाट्या घेऊन आमच्या दारापर्यंत येऊन परत जातायत. कारण साळूबाईनं पाणवठ्यावर उघडच सांगितलं होतं. साळूबाई आमच्या शेजारची, विरजण मागायला येणारी.

"गिरणीवाल्याची बायकू घरात दळती. कान हाईत का न्हाई तुमास्नी? म्हंजे पिठात काय तरी हाय."

काय आहे यावर मग दोन-तीन मतं निघाली. कुणी म्हणे पीठ जळतं. कुणी म्हणे भाकरीला रॉकेलचा वास येतो. हरणाबाईच्या नवऱ्यानं गिरणीच्या पिठाची भाकरी खाल्ली आणि मोटेवर जायचं सोडलं, असंही कळलं. तो आधीही फारसा जात नसे, पण ते कुणी ध्यानात घेतलं नाही.

आप्पा घरात आले ते पगडी न काढताच.

"अगं, तू दळतीस कशाला?"

"चातुर्मास हाय न्हवं. हातचं पीठ चांगलं असतंय."

"कोण सांगितलं?"

"आमची आई सांगायची."

"तुझ्या आईच्या वक्ताला इंजन हुतं का?"

"न्हवतं. म्हणून तर हातचं चांगलं म्हणायची."

आप्पा सरळ स्वयंपाकघराच्या सोप्यात गेले, जात्याचा खुंटा उपटला, कोटाच्या खिशात घातला आणि गिरणीत जाऊन बसले. पुढं ते तो खुंटा खिशात घेऊनच हिंडत. देवळात जाताना, बाजारात जाताना, सांगलीला पेढीवर जाताना. कोट एका बाजूला ओढल्यासारखा दिसे. आकारामनं एकदा भीतभीत विचारलं, "मालक, पिस्तूल हाय का?"

खुंट्याशिवाय जातं म्हणजे नुसते दोन दगड. आई भांडली नाही. दुसरी कामं घेऊन बघू लागली.

आधी ताक. रवीची दोरी ओढता ओढता ती गुणगुणायची, आणि थोड्या वेळानं थांबायची. "न्हाई बाई. घोडा नुसता म्होरं-मागं, म्होरं-मागं. त्येला चक्कर यायची." मग उखळात मिरच्या कांडून पाहिल्या. "ह्यात नवरा ठेचाळतोय. आन वऱ्हाड शिंकतंय."

एवढ्यात मला मुलगा झाला. मी बाजेवर, बाळ पाळण्यात, आणि आईच्या हाती पाळण्याची दोरी. मला वाटलं, आता जमेल. आई बराच वेळ झोके देत गात राहिली, आणि मग दोरी सोडून माझ्याकडं वळली.

"जमलं?"

"कशाचं जमतंय! पाळण्यावर म्हटलं की समदीच झोपत्यात. घोडासुदीक झोपला."

त्यानंतर काही दिवस घरात फक्त बाळाचा आवाज होता. आई कामं करत होती; पण भाजी परतता परतता तिचा उजवा हात मधेच हवेत गोल फिरे आणि थांबे. मला तेव्हा प्रथमच भीती वाटली, की हे गाणं आता असंच राहणार.

एक दिवस आप्पांची भाकरी द्यायला आई गिरणीत गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मी खिडकीतून पाहिलं. ती पोत्यावर बसली होती. छपरावरच्या नळीतून इंजिनाची फुकफुक चालली होती, आणि त्या फुकफुकीवर आई मान डोलवत होती. ओवीची चाल मोडली होती. वऱ्हाड आता दुडक्या चालीनं चाललं होतं. पण चाललं होतं.

दळणाला त्या वेळी एकटी हरणाबाई आली होती, आणि ती नवऱ्याला त्याच पिठाची भाकरी घालून त्याचं ढोंग बाहेर काढायच्या इराद्यानं. तिचं पीठ होऊन गेलं तरी ती हलेना. संध्याकाळी पाणवठ्यावर बातमी गेली. दुसऱ्या दिवशी चार पाट्या आल्या. आठवड्याभरात गोठ्यात बसायला जागा उरली नाही. पायलीभर जोंधळा एकदम आणण्याऐवजी बायका रोज शेर-अर्धा शेर आणू लागल्या, म्हणजे रोज यायला निमित्त. भाकरीच्या वासाबद्दल मग कुणी चकार शब्द काढला नाही.

आप्पा खूश झाले. आईला बसायला त्यांनी घोंगडं अंथरलं. गाणं शेवटाला आलंय, एकच ओवी राहिलीय, हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"एवढ्यात संपवू नगं," ते घरी येऊन हळूच म्हणाले. "दिवाळीपतोर पूर राहू दे. दिवाळीला दळण लय येतंय."

"आवं, पूर काय माझ्या हातात हाय?"

"मग कुणाच्या हातात हाय?"

पण पूर आता खरोखरच तिच्या हातात उरला नव्हता. गोठ्यात बसलेल्या प्रत्येक बाईला रतननं काय म्हणावं हे ठाऊक होतं, आणि बाजेजवळच्या खिडकीतून मला ते सगळं दिसे, ऐकू येई.

"म्हणावं, मेल्या, दोन बोटं पाण्याला भ्यालास, संसाराला काय उभा ऱ्हाशील!" साळूबाई म्हणाली.

"तसं नगं," हरणाबाई म्हणाली. "गुऱ्हाळाची काहील सोडा म्हणावं पाण्यात. आमच्या काकाचं वऱ्हाड काहिलीतनंच आलं हुतं. नवरा मधी बसवायचा, कडंनं करवल्या."

"करवल्या नगं, काहील कलंडती!"

"पूल!" इंजिनामागून आकाराम ओरडला. "पिपं जोडून पूल बांधायचा. आमी बर्मात बांधला. अक्की पलटन पार! घोडं काय, तोफा गेल्या!"

"तुजा पूल ऱ्हाऊ दे बाबा. पट्टा बघ आधी."

"आन त्या वऱ्हाडाच्या जेवणाचं काय?" मागून एकीनं विचारलं. "लेकरं असतील त्येंच्यात."

यावर सगळ्या गंभीर झाल्या. वऱ्हाडाला काय काय पोचवता येईल याची चर्चा सुरू झाली. आई मधे बसून प्रत्येकीकडं बघत होती. घरी दूध उतू जाई, मी हाका मारी, ते तिला पेलत असे. हे पेलत नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर ती माझ्या बाजेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "गुणा, रतन कशी बोलती तेच मी इसरले गं. साळूबाईवाणी बोलाय लागली."

पुढं तीन-चार दिवसांनी ते झालं. मी बाळाला घेऊन पहिल्यांदाच गिरणीत गेले होते. आत कालवा माजला होता. साळूबाईचा पक्ष आणि काहिलीचा पक्ष समोरासमोर बसले होते, आणि आकाराम दोघांच्या मधे येऊन हातांनी पूल दाखवत होता. त्याचं लक्ष नाही असं पाहून पट्टा चाकावरून सुटला. फाट करून आवाज झाला आणि आकारामनं धावत जाऊन इंजिन बंद केलं.

सगळ्यांचं बोलणं अर्धवट राहिलं. आणि सगळ्यांनी आईकडं पाहिलं.

आई उठली. लुगड्यावरचं पीठ झटकलं, आप्पांसमोर जाऊन हात पुढं केला.

"खुंटा."

"अगं, पट्टा आता चढवतोय त्यो..."

"खुंटा द्या."

आप्पांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा भरलेल्या गोठ्याकडं पाहिलं. दिवाळी अजून लांब होती. मग त्यांनी खिशातून खुंटा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. इतके दिवस खिशात राहून तो गुळगुळीत झाला होता.

आई रस्ता ओलांडून घरात गेली. मागं मी, माझ्यामागं साळूबाई, हरणाबाई आणि बाकीच्या. दाराशी आईनं मागं वळून पाहिलं, तेवढ्यानं सगळ्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. तिनं खुंटा ठोकून बसवला. ओंजळभर जोंधळे जात्याच्या तोंडात सोडले. जातं फिरू लागलं. ती नेहमीसारखी मागच्या ओव्या म्हणत आली, पूर, घोडा, हळद, आणि कुठंही न थांबता म्हणाली:

*जातोस तर जा रे, माझी हळद मी धुईन,*
*पाणी उतरल्यावर तुला विचाराया येईन.*

दोनदा म्हणाली. मग जोंधळे संपेपर्यंत नुसतं जातं फिरवत राहिली.

उंबऱ्याबाहेर हरणाबाईनं पदरानं नाक पुसलं. शेवटी साळूबाई म्हणाली, "माझ्या मनात हेच हुतं."

"म्हंजे पूल न्हाईच?" रस्त्यापलीकडून आकारामनं विचारलं.

गाणं संपल्यावर गिरणी ओस पडेल, ही आप्पांची भीती खोटी ठरली. बायकांच्या हातांना तोवर आराम कळला होता. घरचं जातं फिरवायला कुणीच परत गेलं नाही, आई सोडून. ती रोज ओंजळभर दळायची, आणि आप्पा ते पीठ गुपचूप खायचे.

मी साताऱ्याला परतले. पुढं जाणंयेणं झालं, पण माझ्या घरची गर्दी वाढली. आई दळता दळता काय म्हणते हे विचारायचं दर वेळी राहून गेलं. मग एक दिवस तार आली.

मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. बायका सोप्यात बसून होत्या. आप्पा भिंतीला टेकून, कोट घालून, त्यांचा खिसा एका बाजूला ओढलेला. जात्याला खुंटा नव्हता.

साळूबाईच बोलली, कुणीतरी विचारायलाच हवं होतं म्हणून. "आन ती रतन? विचाराया जाणार हुती न्हवं? गेली का?"

मला माहीत नव्हतं. मी आप्पांकडं पाहिलं; आई दळायची तेव्हा घरात तेच असत. गाण्यांत त्यांनी जन्मात कधी लक्ष घातलं नव्हतं.

"निघाली हुती," आप्पा म्हणाले. "सांगलीला गाडीत बसली. माणात जायचं म्हंजे लांब. मिरजेपतोर आली हुती." त्यांचा हात खिशाकडं गेला. "तितं गाडी बदलायची हुती."

हरणाबाईनं विचारलं, "एकलीच?"

"एकलीच. शिदोरी हाय संगं."

तेराव्यानंतर मी निघाले. आप्पा सांगलीच्या स्टेशनवर पोचवायला आले, डबा हातात दिला, माझ्या कडेवरच्या धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. साताऱ्याकडं जायला मलाही मिरजेलाच गाडी बदलावी लागते. पुढची गाडी उशिरा होती. मी बाकावर जरा सरकून बसले, शेजारी एका माणसाची जागा राहील इतकी.