फळ्यांखालचा हौद

मी एक जुना हौद आहे. गुरांना पाणी पाजण्याचा नव्हे, कपडे धुण्याचाही नव्हे. मित्रांनो, मी बाप्टिस्ट ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनागृहात, व्यासपीठाखाली राहतो. इथे तान्ह्या बाळांवर पाणी शिंपडत नाहीत. माणूस कळता होतो, स्वतः विचार करून "हो" म्हणतो, आणि मग पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्याला माझ्या पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. त्यालाच बाप्तिस्मा म्हणतात.

मला गवंडीकाकांनी बांधलं, तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. माझ्या पायऱ्या त्यांनी मुद्दाम बुटक्या ठेवल्या, म्हाताऱ्यांचे गुडघे दुखू नयेत म्हणून. माझ्यात पहिल्यांदा उतरलेही तेच, कुडकुडत! त्या काळी मी वर्षातून सात-आठ वेळा भरायचो. कोणी आजारी पडलं की मंडळी घरी जायची, दारात नवा माणूस दिसला की त्याला हाताला धरून आत आणायची. माझी ऐट काय सांगू!

मग मंडळीला ओहोटी लागली. कोणी म्हणे गिरणी बंद पडली म्हणून, कोणी म्हणे पलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये वाद्यं आहेत म्हणून. तेही खरं असेल. मी आपला कानांनी ऐकलेलं सांगतो. एका रविवारी एक नवं जोडपं पुढच्या बाकावर बसलं. काकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "ही आमची जागा आहे हो. वीस वर्षं आम्ही इथंच बसतो." जोडपं उठून मागे जाऊन बसलं. पुढच्या रविवारी ते आलं नाही, आणि का आलं नाही हे विचारायलाही कोणी गेलं नाही. असं एकदाच झालं असतं तर मी बोललो नसतो.

पुढे माझ्यावर फळ्या आल्या, फळ्यांवर सतरंजी, सतरंजीवर टेबल. अकरा वर्षं मी कोरडा ठणठणीत पडून होतो. जीव गुदमरायचा, खोटं कशाला बोलू?

शेवटी प्रार्थनागृहाला कुलूप लावायचं का, हे ठरवायला उरलेली चौदा माणसं त्याच टेबलाभोवती बसली. कुलूप लागलं की मी कायमचा संपलो! एवढ्यात मागच्या बाकावरून एक शिंपीणताई उभी राहिली. पडदे शिवून द्यायला आली होती, ती तीन महिने दर रविवारी येतच राहिली. तिच्याशी कोणी फारसं बोललं नव्हतं.

"बंद करायच्या आधी मला बाप्तिस्मा द्याल का?"

नवे पाळक गोंधळले. "ताई, आपल्याकडे हौदच नाही."

गवंडीकाका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "पाळकसाहेब, तुमची खुर्ची त्याच्यावरच आहे!"

फळ्या निघाल्या. सत्तरी ओलांडलेल्या काकांनी गुडघे टेकून माझी एकेक भेग बुजवली. दुसऱ्या कोणाला थापीला हात लावू दिला नाही. रविवारी पाणी चढलं. एका कोपऱ्यातून थोडं झिरपत होतं, पण मी भरलो! ताई ओलीचिंब होऊन वर आली, तेव्हा काकू टॉवेल घेऊन उभ्या होत्या. कपडे बदलून झाल्यावर त्यांनी तिला आपल्या बाकाकडे नेलं.

"काकू, ही तुमची जागा ना?"

"अगं, याच बाकावरून मी दोघांना उठवलं होतं," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे सरकल्या. "तू बस."

कुलपाचा निर्णय वर्षभर पुढे गेलाय. आम्ही अजून पंधराच आहोत. मित्रांनो, माझी निगा काका राखतील. तुमच्या बाकाशी कोणी नवं येऊन उभं राहिलं, तर तुम्ही फक्त जरा सरकून बसा.